डाव्या मांडीचं माप

भात निघालं की पेणपासून नागोठण्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना जमीन एकदम उघडी पडते. इतके दिवस पीक पांघरून बसलेली शेतं आता खुंटांची, खरखरीत, दाढी वाढलेल्या माणसासारखी दिसतात. मग त्याच ओलीवर वाल पेरले जातात. सकाळी पेंढ्याचा वास, दुपारी चावरं ऊन, आणि संध्याकाळी ओटीवर बसलं तर खांद्यावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. तशी मी बाराही महिने संशयीच. पण कापणीपासून वालाच्या शेंगा भरेपर्यंतच्या ह्या अडीच महिन्यांत माझा संशय जरा जास्तच जागा असतो, आणि तो नेमका कोणाचा येतो, हे यंदापर्यंत मी कोणाला सांगितलं नव्हतं.

पेणला माझं बायकांचे कपडे शिवायचं दुकान आहे. समोरच्या इमारतीत दसऱ्याला नवी जिम सुरू झाली. काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की विजेच्या लहरींनी स्नायू कमवा, दिवसाला फक्त वीस मिनिटं. परवा तिथली एक मुलगी पँट कमरेत आत घ्यायला आली. मी माप घेत होते आणि ती बोलत होती.

"काकी, अंगात एक सूट घालायचा. त्याच्यात करंट असतो. वजन उचलताना करंट आला की मसल डबल काम करतो. दोन महिन्यांत फरक पडतो."

"कोण म्हणतं?"

"ट्रेनर म्हणतात."

"आणि मोजतं कोण?"

"तेच मोजतात," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, म्हातारी माणसं करंटला घाबरतात. मी पँटवर खडूची खूण केली. 

तिला मी सांगू शकले असते की हे काही मला नवीन नाही. ह्याच जिल्ह्यात, तीसेक वर्षांपूर्वी, अशीच वीज एका मुलीच्या मांडीला लावलेली मी पाहिली आहे. ती मांडी दर रविवारी मीच मोजत होते.

तेव्हा आम्ही अष्टमीला राहायचो. कुंडलिकेच्या पुलाच्या ह्या बाजूला अष्टमी, त्या बाजूला रोहा. नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. मी सव्वीस वर्षांची, लग्न न झालेली, ओटीवर बसून शिवणकाम करणारी. माझी मावसबहीण नलू गडबची. गडबहून रोज रोह्याला कॉलेजात येणं जमत नव्हतं म्हणून ती आमच्याकडे राहायची. अठरा वर्षांची, बुटकी, रुंद हाडाची, बोलायला कमी आणि हसायला जास्त. घरी असताना भाताचं पोतं पाठीवर घेऊन सरळ माळ्यावर चढायची. कॉलेजातल्या खेळाच्या मास्तरांनी ते कुठून तरी ऐकलं आणि तिला अष्टमीच्या व्यायामशाळेत शेडगे सरांकडे पाठवलं.

सर रोह्याच्या एका केमिकल कंपनीत कामाला होते. पहिली शिफ्ट सुटली की घरी चहा घेऊन थेट व्यायामशाळेत. संध्याकाळचा एक तास मुलींचा. पत्र्याची लांबट खोली, कोपरा उडालेला आरसा, लोखंडी वजनं कमी पडली म्हणून डब्यात सिमेंट ओतून केलेली वजनं. चार मुली यायच्या. पन्नाशीकडे झुकलेला माणूस पोरींना वजनं उचलायला शिकवतो, ह्यात अष्टमीत पुष्कळांना काही ना काही दिसत होतं. आईलाही दिसलं.

"तू जा गो तिच्याबरोबर," आई मला म्हणाली. "हातातलं काम घेऊन जा. बस तिथं."

म्हणून मी जायला लागले. एका बाकड्यावर बसून ब्लाउजांना हूक लावायचे, साड्यांना फॉल लावायचे आणि नजर सरांच्या हातांवर ठेवायचे. तीन महिने ठेवली. सर मुलींना हात लावत नसत. त्यांच्याकडे वेताची एक काठी होती. तिचं टोक गुडघ्याला नाहीतर कमरेला हलकेच टेकवून ते सांगायचे, इथून वाक, इथून उठ. मला काहीच सापडलं नाही. पण संशयाचं असं असतं की काही सापडलं नाही म्हणून तो उठून घरी जात नाही. जागा बदलून बसतो.

जानेवारीत पेणला पॉवरलिफ्टिंगची जिल्ह्याची निवड होती. पहिली येईल ती राज्याच्या स्पर्धेला जाणार होती. राज्याचं प्रमाणपत्र हातात असलं की पोलीसभरतीत त्याचा उपयोग होतो, असं सरांनी नलूच्या बापाला सांगितलं होतं. नलूचा बाप, आमचे काका, शेतकरी माणूस. त्यांनी एवढंच म्हटलं होतं, "बारावीपर्यंत वाट बघतो. नोकरीचं काय दिसलं तर ठीक, नायतर मे महिन्यात उजवून टाकतो." नलूला पोलीस व्हायचं होतं. का, ते तिने कधी नीट सांगितलं नाही. एकदा फक्त म्हणाली होती की पोलिसांच्या गाडीवर उभं राहून जाणाऱ्या बाया तिला आवडतात.

दसऱ्यानंतर ती कापणीला घरी गेली. डोक्यावर भारा घेऊन बांधावरून उतरताना पाय घसरला आणि डावा गुडघा आत मुरगळला. हाड शाबूत होतं, पण पेणच्या डॉक्टरांनी तीन आठवडे पट्टा घालून पाय हलवू दिला नाही. पट्टा सुटल्यावर ती अष्टमीला आली आणि मी शिवलेली सरावाची पँट घालून उभी राहिली. ती घट्ट पँट होती, दोन्ही मांड्यांना सारखी बसलेली. आता डाव्या मांडीवर कापडाला सुरकुत्या पडत होत्या.

मी टेप आणली. गुडघ्याच्या वाटीपासून आठ बोटं वर खूण करून मोजलं. उजवी वीस इंच चार सूत. डावी एकोणीस इंच दोन सूत. आमच्या मोजणीत आठ सूत म्हणजे एक इंच. सव्वा इंच मांडी तीन आठवड्यांत गेली होती.

नलू खाली बघत होती. "एवढी कशी गेली गो ताय? दुखलं तर गुडघ्याला."

 त्याचं उत्तर दिलं सॅमसन काकांनी.

सॅमसन काका आमच्या पलीकडच्या इस्रायल आळीतले, बेने इस्रायली, म्हणजे आमच्याकडचे ज्यू. सर आणि ते एकाच कंपनीत होते, मग काका बायकोमुलांसह इस्रायलला निघून गेले. आळीतली बहुतेक घरं तोवर कुलपात गेलीच होती. त्या दिवाळीत ते राहिलेलं घर विकायला आले होते. इतकी वर्षं परदेशात राहून बोलणं मात्र तसंच, आमच्यासारखं. तिकडे त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि मांडीला ताकद यावी म्हणून तिथल्या दवाखान्याने एक डबी दिली होती. ती ते बरोबर घेऊन आले होते. करड्या रंगाची, साबणाच्या पेटीएवढी, दोन गोल बटणं, चार तारा आणि तारांच्या टोकांना काळ्या रबराच्या चकत्या. आत बॅटरी.

आमच्या ओटीवर त्यांनी आधी स्वतःचाच पायजमा गुडघ्यावर घेतला. चकत्यांना जेली लावून त्या मांडीवर चिकटवल्या आणि बटण फिरवलं. मांडीच्या आत काहीतरी वळवळलं, मग पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा सगळा स्नायू ताडकन उडून घट्ट झाला, आणि सुटला. पुन्हा घट्ट, पुन्हा सुटला. काका शांतपणे चहा पीत होते. त्यांनी पाय हलवला नव्हता. आई पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

"दुखणं आलं की पाय झोपतो," काका म्हणाले. "ही डबी त्याला हाका मारते. उठल्यावर चालायचं ज्याचं त्यानंच."

सर पुढे झुकून बघत होते. "आणि चांगल्या पायाला लावली तर? वजन घेऊन बैठक मारतानाच लावली तर?"

"ते मला म्हायत नाय. तिकडं जिममधी लावतात कोण कोण."

"परदेशातले खेळाडू लावतात. मी वाचलंय," सर म्हणाले. "दुप्पट ताकद येते म्हणे."

त्या 'म्हणे'पाशी माझा संशय येऊन बसला. इतके दिवस सरांच्या हातांकडे बघत होते. आता त्यांच्या डोळ्यांकडे बघायला लागले. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की मेलेल्या बेडकाच्या पायाला वीज लावली तर तो पाय उडतो. त्यानंतर बेडूक उठून चालायला लागला, असं काही मास्तरांनी सांगितलं नव्हतं.

ठरलं ते असं. रोज वीस मिनिटं डाव्या मांडीला डबी लावायची. दोन्ही मांड्या सारख्या झाल्या की, म्हणजे सरांच्या अंदाजाने नवीन वर्षापासून, दोन्ही पायांना लावायची, आणि तीही खांद्यावर वजन असताना. चकत्या जागेवर राहाव्यात म्हणून मी इलॅस्टिकच्या पट्ट्या शिवून दिल्या. दर रविवारी सकाळी मी माप घेऊन वहीत लिहायचं. सर पुरुष, त्यांनी मुलीची मांडी मोजायची नाही, हे कोणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळत होतं.

"सुमनची टेप खोटं बोलणार नाय," सर म्हणाले. "तिला कोणाचंच खरं वाटत नाय, म्हणून तिचंच माप खरं."

पहिल्या रविवारी डावी एकोणीस इंच चार सूत भरली. दोन सूत वाढली होती. मी तसंच सांगितलं. सरांनी मांडीवर थाप मारली, स्वतःच्या.

त्याच आठवड्यात जेली संपली. काका म्हणाले, ओलं फडकं चालेल. एके दिवशी फडकं सुकलं ते नलूच्या लक्षात आलं नाही आणि चकतीखाली पावलीएवढा फोड आला. आईने तो पाहिला आणि जेवण टाकलं. "पोरीची जात हाय. उद्या पोटात काय झालं तर तुझ्या मावशीला काय सांगू?" तोवर आळीत गोष्ट पसरलीच होती. पाण्याला गेले की बाया विचारायच्या, "तुमच्या नलूला शॉक देतात ना गो?" मी हसून वेळ मारून न्यायचे. पण मला रोज डोळ्यांसमोर दिसायचं की नलूच्या खांद्यावर सिमेंटची वजनं आहेत, ती अर्धी वाकलेली आहे, आणि त्याच वेळी तिचा पाय तिला न विचारता ताडकन आखडतो.

नलूला मी विचारलं, "तुला भीती नाय वाटत?"

"मुंग्या येतात. पण ताय, आतून कोणतरी वर ढकलतं असं वाटतं. मी पण त्याच्याबरोबर ढकलते."

दुसऱ्या रविवारी टेपवर एकोणीस इंच सहा सूत आलं. मी ते वाचलं आणि तोंडातून निघालं, "एकोणीस, चार. मागच्याएवढंच."

मी ते ठरवून बोलले नव्हते. निदान मनाची समजूत तशी घातली. टेप सैल धरली असेल, फोडामुळे मांडी जरा सुजली असेल. सुजेला बाळसं म्हणू नये, असं आमच्याकडे म्हणतातच. शिंप्याला ठाऊक असतं की एकाच अंगाची दोन मापं येतात, बोट घालून घेतलेलं आणि ओढून घेतलेलं. त्यातलं कुठलं खरं म्हणायचं, ते शिवणाराने ठरवायचं. मी ठरवलं.

तिसऱ्या रविवारपासून मात्र समजूत घालायलाही जागा राहिली नाही. मी आधी एकदा नीट माप घ्यायचे आणि मनात ठेवायचे. मग टेप दोन बोटं गुडघ्याकडे सरकवून, ओढून, पुन्हा घ्यायचे आणि ते मोठ्याने बोलायचे. नलू समोर भिंतीकडे बघत ताठ उभी असायची, कारण खाली वाकलं की माप बदलतं, हे मीच तिला शिकवलं होतं. उजवीचं माप खरं सांगायचे. डावीचं खोटं. माझा संशय त्या डबीवर होता, सरांच्या 'म्हणे'वर होता, आणि तो खरा ठरावा म्हणून मी माझ्याच टेपला खोटं बोलायला लावत होते. त्यात थोडा मत्सर होता का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. माझ्या अंगाला आतून कोणी वर ढकलत नव्हतं. मी बाकड्यावर बसून हूक लावत होते.

चौथ्या आठवड्यात नलू कपडे बदलताना म्हणाली, "ताय, पँट बघ ना. सुरकुती गेली. डावा पाय भरतोय, खरंच."

मी सुईत दोरा ओवत होते. वर न बघता म्हणाले, "कापड आटलंय. दोनदा धुतलं ना ते."

तिने पँटवरून हात फिरवला. कापडातलं तिला काय कळणार, असं तिलाच वाटलं असणार. "व्हय का," एवढंच म्हणाली.

पाचव्या रविवारी मी वहीत डावीपुढे पुन्हा साडेएकोणीस लिहिलं. सरांनी वही बराच वेळ हातात धरली. माझ्यावर त्यांना जराही संशय आला नाही. आला असता तर बरं झालं असतं.

"काय उपयोग नाय," ते म्हणाले. "परत देऊन टाका. आता तिला उजव्या पायावर भार घेऊन शिकवतो. डाव्याच्या भरवशावर नको."

डबी परत करायला मीच गेले. सॅमसन काकांच्या घरात सामान बांधलेलं होतं. भिंतीवरचे फोटो काढलेल्या जागा पांढऱ्या दिसत होत्या. काका खिडकीत बसून पाय लांब करून तेल चोळत होते.

"पडला फरक?"

"नाय पडला."

त्यांनी तेलाचे हात पुसले. "अजब हाय. जवान पोरगी, आणि रोज करत व्हती ना? माझ्यासारख्या म्हाताऱ्याला पडला." मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच. तालमीत कोणाला तरी लागंल. मला तिकडं दुसरी मिळंल."

"नको," मी म्हणाले. "लोक बोलतात."

त्यांनी ती हातात घेतली, तारा नीट गुंडाळल्या, आणि बांधलेल्या पेटीचं झाकण उघडून आत ठेवली. माझ्याबद्दल त्यांच्या मनात वाईट काही आलं नाही, हे चेहऱ्यावरून दिसत होतं. चांगल्या माणसाशी खोटं बोलणं सोपं जातं, कारण तो उलट प्रश्न विचारत नाही. आठवड्याने ते गेले. त्यांच्या घराला नवीन मालकाचं कुलूप लागलं.

त्यानंतर मी नलूची मांडी मोजली नाही. कोणी मोज म्हणालंही नाही. वालाला फुलं आली, मग कोवळ्या शेंगा. सरांनी तिची बैठक बदलली. वजन घेतलं की कंबर जराशी उजवीकडे, उठताना जोर उजव्या टाचेवर. नलूने महिनाभर तेच घोटलं. बघताना मला ते वाकडं दिसायचं, एक खांदा उतरलेल्या ब्लाउजासारखं. मी हूक लावत राहिले. बोलणार काय?

निवडीचा दिवस जानेवारीतला. पेणच्या एका शाळेच्या सभागृहात लाकडी फळ्यांचा चौथरा केला होता. गडबहून काका आले होते, स्वच्छ धोतर-टोपी घालून, आणि सगळ्यात मागे उभे होते. पोरगी असे कपडे घालून सगळ्यांसमोर वाकते, हे त्यांना बघवत नव्हतं आणि सोडवतही नव्हतं. नलूची पहिली बैठक नीट झाली, दुसरीही झाली. अलिबागची एक मुलगी तिच्या किंचित पुढे होती. तिसऱ्या वेळी अडीच किलो वाढवून घेतलं, तेवढं उठलं तर पहिला नंबर नलूच्या हातात होता.

ती खाली गेली. थांबली. उठताना सवयीने उजवीकडे झुकली, तशी वजनाची दांडी कलली, डावा गुडघा आत वळला आणि बाजूला उभ्या असलेल्या दोघांनी दांडी धरली. लागलं काही नाही. ती चौथऱ्यावरून उतरली, सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढत होते. ती निघायला मी पुष्कळ वेळ लावला.

ती दुसरी आली. दुसरीला राज्याला जाता येत नव्हतं.

त्या मे महिन्यात काही लग्न झालं नाही. गडबच्या काकांनी आणखी एक वर्ष थांबायची तयारी दाखवली होती. पण नलूच व्यायामशाळेत गेली नाही. पुढच्या वर्षी नागोठण्याचं स्थळ आलं, मुलगा कंपनीत कायम होता. तिने होकार दिला. तिच्या लग्नाचे ब्लाउज मी शिवले. मापं घेताना माझे हात थंड होते आणि ती म्हणाली, "ताय, तुला ताप येणार बघ."

डबीने मांडी भरली, की नलूच्या बैठकांनी, की नुसत्या दिवसांनी, हे मला आजही माहीत नाही. समोरच्या जिमवाल्यांवर माझा विश्वास नाही आणि पुढेही बसायचा नाही. जो विकतो तोच मोजतो, तिथे मी पाय ठेवणार नाही. पण हे मनातल्या मनात म्हणताना ह्या वर्षी पहिल्यांदा मला माझा स्वतःचाच आवाज ऐकवेना. पँट घेऊन ती मुलगी गेली, आणि पुढच्या रविवारी मी दुकान बंद ठेवून नागोठण्याला गेले.

नलू मागच्या पडवीत भिजवलेले वाल सोलत बसली होती. आता केस पांढरे व्हायला लागलेत, पण बसणं तेच, ताठ. मीही एक मूठ वाल घेतले आणि सोलता सोलता सांगितलं. एकदम सगळं. दुसऱ्या रविवारपासून पाचव्या रविवारपर्यंत. कापड आटल्याचंही सांगितलं.

तिचे हात थांबले नाहीत. सोललेली मूठ भांड्यात टाकून तिने विचारलं, "खरं किती व्हतं?"

"शेवटच्या रविवारी वीस इंच दोन सूत."

"म्हणजे एक इंच वाढली व्हती."

"हो."

"पेणहून परत येताना सर म्हणले व्हते मला," नलू म्हणाली. "विजेनं पण तुझा पाय उठत नाय, तर तो आता असाच राहील. लिफ्टिंग सोड. त्यांनी वाईट मनानं नाय सांगितलं. पण ताय, मी रोज ढकलत व्हते. मला आतून कळत व्हतं ढकलतेय ते. मग वाटलं, आपल्याला कळतं तेच खोटं. त्याच्यानंतर कायपण करताना मला माझं खरंच वाटलं नाय कधी."

आपला संशय मी आयुष्यभर दुसऱ्यांवर खर्च केला, असं मला वाटायचं. त्या पडवीत कळलं की त्यातला सगळ्यात मोठा वाटा मी तिच्या अंगात शिवून दिला होता, आणि तो तिने इतकी वर्षं वापरला होता.

मी माफी मागितली. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. उठून तिने वालांचं भांडं आत नेलं आणि चहा टाकला. कप माझ्या हातात देताना म्हणाली, "सरांना सांगितलंस?"

"नाही."

"त्यांना सांग. त्यांनाच ते ठाऊक नाय."

सर आता ऐंशीच्या घरात आहेत. अष्टमीतच राहतात, मुलाच्या घरी. गुरुवारी सकाळी मी गेले तेव्हा ते अंगणात खुर्ची टाकून उन्हात बसले होते. ऐकायला कमी येतं म्हणून मला मोठ्याने सांगावं लागलं, आणि आतून त्यांची सून स्वयंपाक सोडून दारात येऊन उभी राहिली. तिच्यासमोरच सगळं सांगितलं.  मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "मी तिला उजवीकडं झुकायला शिकवलं."

"माझ्यामुळे, सर."

"झुकायला मी शिकवलं," ते पुन्हा म्हणाले. "तिचा नंबर हाय तुझ्याकडं?"

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला घट्ट धरला.

"नलू, सर बोलतोय. शेडगे सर. हां. हां, आलेय सुमन, बसलीय समोर. सांगितलं तिनं." मग त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. अंगणात सुनेने वाळत घातलेले कपडे हलत होते. "तुला मी गाडीत जे बोललो व्हतो ना, पेणहून येताना, ते माझं चुकलं. तुझा पाय ऐकत व्हता. मला बघता यायला पायजे व्हतं. मी वहीत बघत बसलो." पलीकडचं ऐकून त्यांनी मान हलवली आणि फोन माझ्यापुढे केला. "तुझ्याशी बोलायचंय म्हणते."

मी फोन घेतला. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, मग तो बंद झाला.

"ताय," नलू म्हणाली, "त्या शेवटच्या रविवारी उजवी किती व्हती?"

"वीस इंच सहा सूत."

ती मनात हिशेब करत असावी. 

"म्हणजे सारखं व्हायला अर्धाच इंच राहिला व्हता गो," ती म्हणाली.